मळी मुलखात डोंगर न्हाय

दिवाळीतला किल्ला बघायला माणूस आला की त्येची मान आधी वर जाती. बुरूज बघतो, झेंडा बघतो, फोटो काढतो आन् चालाय लागतो. खाली पायथ्याला कुणी शेत केलंय, हीर खणलीया, बाई पाणी शेंदतीया, तिकडं कुणाचं ध्यान नसतंय. उलट तिथंच चप्पल घालून उभारत्यात. माझं डोकं तिथंच फिरतं.

तसं माझं डोकं कुठंबी फिरतं. आई म्हणती पोरीनं इतकं तापू न्हाय. मी संयोगिता, घरात आन् गल्लीत संयी. कळंब्यात आमच्या म्हशी हाईत. दहावीत शाळा सोडली. एका जागी बसलं की माझ्या पायात मुंग्या येत्यात, त्येला मी काय करू? सकाळ-संध्याकाळ गाडीवरनं दूध घालतो, त्यामुळं कुणाच्या दारात काय चाललंय ते त्या घरच्यांच्या आधी मला कळतंय.

औंदा तालमीनं किल्ला स्पर्धेत नवीनच काढलं. खरा किल्ला करायचा न्हाय. आपल्या मनानं एक देश काढायचा, त्येचा किल्ला करायचा, आन् परीक्षक आलं की त्या देशाची माहिती तोंडानं सांगायची. आमी चौघं मिळून करायचं ठरलं. जागा सम्मेदच्या घरामागची. त्येच्या वडलांचं पत्र्याचं दुकान हाय, मागं मोठ्ठं अंगण, त्येला म्होरनं एक आन् मागनं एक दार. सम्मेद शांत गडी, दोन वाक्यं बोलला की दमतो. त्येची बहीण ऐश्वर्या इंग्लिश मीडियमची, बोलाय लागली की बातम्या लागल्यासारखं वाटतंय. आन् विश्वजित, बारावी सायन्स. त्येला राजा कुणी केला कुणाला ठावं न्हाय, पर झालता.

देशाचं नाव त्येनंच ठेवलं, वज्रधार. डोंगर आन् किल्ला स्वतःकडं घेतला. समुद्र सम्मेदला दिला. परीक्षकाम्होरं बोलायचं ऐश्वर्याकडं. मग माझ्याकडं बघून म्हणला, खालचा सपाट भाग तू बघ, तिथं काय लई काम न्हाय.

डोंगराची माती कळंबा तळ्यावरनं गाडीवर पोती टाकून मीच आणली, ते सोडून द्या. पर खालचा चिखल थापता थापता मी इचार कराय लागलो. वर गडावर चार पहारेकरी आन् एक तोफ. ह्यास्नी भाकरी कोण घालतंय? देशातली बाकीची माणसं ऱ्हात्यात कुठं? डोंगरावर पाणी न्हाय. समुद्रात जागा न्हाय. म्हंजे सगळा देश माझ्याकडंच की.

तवा मी त्या भागाला नाव दिलं, मळी मुलूख. नदीकाठच्या, पुराच्या गाळाच्या जमिनीला आमच्याकडं मळी म्हणत्यात. मधनं नदी काढली, दोन्ही अंगाला अळीव आन् मोहरी पेरली, ती भराभर उगवली. काड्यापेट्यांची घरं केली, एकाला एक चिकटून. पेठ वडगावच्या बाजारासारखा बाजार भरवला, बाटल्यांच्या टोपणांच्या पाट्या, त्यात मसूर, हरभरं. सम्मेद समुद्र सोडून माझ्याकडं येऊन बसायचा आन् बोटाच्या पेराएवढी बैलं करून द्यायचा. विश्वजित वरनं हाका मारायचा, त्येला ऐकू यायचं न्हाय.

पाडव्याला दुपारच्या आत परीक्षक यायचं हुतं. त्याच दिवशी आमची आणखी एक गडबड असती. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवत्यात. म्हशीची शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्या, डोक्याला मोरपीस. मालक सायलेन्सर काढलेली गाडी ताणत म्होरं, आन् म्हस त्या आवाजामागं. दुसऱ्या कुणाची गाडी असू दे, ती मान वळवत न्हाय. आपल्या गाडीचा आवाज आला की मग तिला कुणी आडवू शकत न्हाय. आमच्या लाडी म्हशीला मी आन् आबानी, म्हंजे माझ्या वडलांनी, दिवाळीआधी रोज पळवून तयार केल्ती. तिला दुसरं काय येतच न्हाय म्हणा, सरळ पळायचं एवढं येतंय.

पाडव्याला सकाळी मी दूध घालून सम्मेदकडं गेलो. गाडी मागच्या दारानं आत घातली, किल्ल्याच्या पाठीमागं लावली. म्होरं येऊन बघतो तर माझा बाजार खोक्यात. घरं खोक्यात. बैलं खोक्यात, पाय वर करून. शेतांवर लाल गालिचा हातरलेला.

विश्वजितला इचारलं ह्ये काय. त्येचं म्हणणं, परीक्षकास्नी उभारायला जागा पायजे, आन् खालचं सपाटच हाय, झाकलं तर काय बिघडत न्हाय. मी म्हणलं गालिचा काढ. त्यो म्हणला मोठ्या माणसांचं पाय चिखलात घालू व्हय? मी म्हणलं तुझ्या डोंगरावर उभं कर त्यास्नी. ऐश्वर्या मधी पडाय बघत हुती. तवा त्यो म्हणला,

"तुझ्या मळीत बघायला हाय तरी काय गं? नुसती गर्दी. आन् तू बोलणार न्हाईस, ते बी सांगून ठेवतो. शाळा सोडलेलीनं परीक्षकाम्होरं उभारायचं म्हंजे…"

म्हंजे काय ते बोलला न्हाय. मला ते बोलल्यापेक्षा जास्त लागलं. हातात चिखलाचा गोळा हुता, पर मधी सम्मेद उभा हुता, त्येचा शर्ट दिवाळीचा. म्हणून गोळा टाकला, तरातरा मागं गेलो, गाडीला किक मारली आन् रागानं जेवढा पिळता येतोय तेवढा ॲक्सिलेटर पिळला.

सायलेन्सर काढलाय, ह्ये माझ्या डोक्यात न्हवतं. त्या अंगणाच्या म्होरच्या दारासमोर आमचा गोठा हाय आन् तिथं आई लाडीला सोडून शिंगं रंगवत बसलीया, ह्ये तर आजिबात न्हवतं.

लाडी आली. एक शिंग लाल, एक काळंच. म्होरच्या दारातनं आत, अंगणातनं सरळ, गालिच्यावरनं, डोंगरावरनं. वळसा घालायची तिला सवय न्हाय. बुरूज गेला, तोफ गेली, धबधब्यासाठी वर बसवलेला पाण्याचा डबा कलंडला, समुद्राचा निळा कागद तिच्या पायात गुंतून आला. माझ्यापशी येऊन उभारली, माझ्या पाठीत नाक खुपसलं आन् जोरात श्वास सोडला. शाबासकी पायजे हुती तिला.

मी गाडी बंद केली. मागनं आई हातात ब्रश घेऊन पळत आली आन् दारातच थांबली.

पयल्यांदा ऐश्वर्या हसली. पायरीवर बसून, पोट धरून. विश्वजित हसला न्हाय. त्येचं तोंड बघवत न्हवतं. त्यो एवढंच म्हणला, "मुद्दाम केलंस."

मी लाडीची शपथ घेतली. त्येला ते खरं वाटलं न्हाय. मलाबी त्येच्या जागी वाटलं नसतं.

परीक्षक दोन गल्ल्या पलीकडं आलते, मधी चार-पाच किल्लं राहिलतं. आमच्याकडं देश न्हवता. तालीम आमचं नाव खोडणार, आन् संयीनं रागापायी म्हस घातली ह्ये कळंब्यात वर्षभर चघळणार. त्येचंबी मला काय वाटत न्हवतं एवढं. मळी मुलूख कुणाला दिसायच्या आधीच संपला, ह्ये खुपत हुतं. कुणी त्येच्याबद्दल एक शब्द ऐकलेला न्हाय, आन् संपला.

तेवढ्यात आबा गाडी न्यायला आले. त्येंनी मोडलेल्या डोंगराकडं बघितलं, लाडीकडं बघितलं आन् म्हणले, "पळती लगा चांगली." आईनं डोक्याला हात लावला. आबा गाडी, लाडी आन् रंगाचा डबा घेऊन गेले.

मी खाली बघत उभारलो. कलंडलेल्या डब्याचं पाणी वाहत आलतं आन् लाडीच्या खुरांत भरलं हुतं. एक खूर, म्होरं दुसरा, मग तिसरा, वाकड्या रांगेनं. पाण्यात आभाळ दिसत हुतं. मी सम्मेदला हाक मारली, म्हणलं बघ, तळी झाली. सम्मेदनं वाकून बघितलं. खोक्यातनं एक बैल काढला आन् तळ्याच्या काठाला, तोंड खाली करून, पाणी प्यायला ठेवला.

मग आमी दोघांनी मिळून गालिचा उचलला. खाली अळीव दबलाता, पर जिता हुता. डोंगराची सगळी माती अंगणभर पसरलीती, समुद्रावरबी. मी ती तळी सोडून फळीनं सारखी केली, नदी पुन्यांदा काढली, बाजार मांडला. भिंतीपासनं भिंतीपतूर मळी. विश्वजित कट्ट्यावर बसून म्हणला, आन् डोंगर? मी म्हणलं पुरात वाहून खाली आला, त्येचीच ही जमीन.

ऐश्वर्यानं हसू पुसलं आन् बरोबर प्रश्न काढला. एवढ्या मोठ्या मुलखात माणसं कुठायत? काड्यापेट्या खोक्यात कोंबून चेपल्यात्या. पहारेकऱ्यास्नी मुंडकी न्हवती.

माणसं कुठं हाईत ते मला ठाऊक हुतं. सकाळीच दूध घालताना दारादारात बघितल्याली. पाडव्याला बायका दारात शेणाच्या गवळणी घालत्यात. बोटाएवढ्या बाया, डोक्यावर घागरी, त्यांची म्हसरं, चूल, जातं, गोठ्याची भिंत, सगळा संसार. वर झेंडूची पाकळी, कपाळाला कुंकू. प्रत्येक दारात एक वाडी. मी परात घेऊन सुटलो.

पयलं दार तानाबाई काकूचं. काकूच्या गवळणी गल्लीत एक नंबर, घागरीला दोन दोन कान असत्यात. तिनं सरळ न्हाय म्हणून सांगितलं. तिच्या बाया परमुलखात जायच्या न्हाईत. मी म्हणलं काकू, मुलूख चांगला हाय, नदी हाय, बाजार हाय.

"पाणी दारात हाय का लांबनं आणायचं?"

"दारात. तळं हाय की."

"शेजार कसा हाय?"

"तुमीच पयल्या. शेजार तुमी म्हणचीला तसा बसवू."

काकूनं बाया परातीत घातल्या, पर परात माझ्या हातात दिलीच न्हाय. स्वतः घेऊन आली, अंगणात फिरून जागा बघितली, पूर्वेला दार करून बाया मांडल्या, आन् तिथंच पदर खोचून बसली. तानाबाईच्या गेल्या म्हटल्यावर बाकीच्यांस्नी राहवंना. ताटात, सुपात, पत्र्यावर घालून गवळणी यायला लागल्या. कुणाच्या जाड, कुणाच्या बारीक, एकीची तर घागर तिच्याहून मोठी. कुणी पोरानं प्लॅस्टिकचा डायनासोर आणला. मी म्हणलं ठेव, गावाबाहेर ठेव. बघता बघता पाय ठेवायला जागा राहिली न्हाय. बाजारातली वाट बंद पडली, बैलगाडी वळंना.

विश्वजित कट्ट्यावरनं सगळं बघत हुता. त्येला गर्दी एक येळ चालंल, पर वाट तुंबलेली चालत न्हाय. शेवटी पट्टी घेऊन उतरला, गुडघ्यावर बसला, आन् मुलखाला भायेरनं रिंगरोड काढाय लागला. मी त्येला चिखल दिला. त्येनं घेतला.

परीक्षक दोघं. आकाराम तात्या, तालमीचे जुने पैलवान, कान मोडलेले, हातात काठी. आन् निशिगंधा मॅडम, कॉलेजात इतिहास शिकवत्यात. तात्यांची मान सवयीनं वर गेली. वर काय न्हवतं, वाळत घातलेला टॉवेल हुता. मग मान खाली आली आन् त्येंनी पाय उचलला.

"पावणं, पाय बघून," मी म्हणलं. "शेतं हाईत."

तात्यांचा पाय तसाच मागं गेला.

ऐश्वर्या म्होरं झाली. हात मागं बांधले, घसा साफ केला. वज्रधार हा उंच उंच पर्वतांचा, असं म्हणाली आन् थांबली. खाली बघितलं. मग मला खांद्याला धरून म्होरं ढकललं.

"संयी, तूच सांग. मला तिथलं काही माहीत नाही."

मी विश्वजितकडं बघितलं. त्यो रिंगरोडकडं बघत हुता. न्हाय म्हणला न्हाय.

मग मी सांगाय लागलो. म्हणलं, ह्यो वज्रधार देशातला मळी मुलूख. देशातली निम्म्याहून जास्त माणसं हितंच ऱ्हात्यात. एवढी गर्दी कशी झाली इचारचीला तर डोंगरावरचा माणूस एक दिवसाच्या बाजाराला खाली येतोय, आन् माघारी जातच न्हाय. आधी म्हणतो उन्हं उतरू दे. मग म्हणतो सकाळी जातो. मग त्येची बायको त्येला शोधाय येती, आन् तीबी ऱ्हाती. नदीला दरसाल पूर येतोय. तवा अलीकडची माणसं सामान घेऊन पलीकडं पावणं म्हणून जात्यात, पाणी उतरलं की येत्यात, आन् जमीन नवी झालेली असती. बांध पुसलेलं असत्यात, त्यामुळं दरसाल भांडणंबी नवी. जुनं भांडण हितं टिकत न्हाय. वरच्या अंगाला आईला आई म्हणत्यात, खालच्या हद्दीला अव्वा म्हणत्यात, मधल्या गावात दोन्ही म्हणत्यात आन् कोण तरी येतंयच. पीक ऊस, भात, मोहरी. गुळाचा वास एवढा की मुंग्या शेजारच्या देशातनं येत्यात.

"शाळा हाय का मुलखात?" मॅडमनी इचारलं.

"हाय की. बाजाराच्या दिवशी सुट्टी असती."

"आणि बाजार कधी?"

"रोज."

मागं कोण तरी फिसकन् हसलं. तानाबाई काकूनं मधीच सांगून टाकलं की पाणी दारात हाय. विश्वजितला राहवलं न्हाय, त्यो म्हणला रिंगरोडमुळं मालवाहतूक सुरळीत झालीया. सम्मेद म्हणला बैलं चांगली हाईत. त्येचं ते दिवसातलं दुसरं वाक्य.

मग तात्यांनी काठी टेकली. सगळं ब्येस हाय म्हणले, पर स्पर्धा किल्ल्याची. किल्ला कुठाय?

मी सांगितलं, हुता. एकदा डोंगराएवढी म्हस आली, किल्ल्यावरनं सरळ पळत गेली. तिच्या खुरांची ही तळी. किल्ल्याची माती लोकांनी शेतात वढली, दगडं उंबऱ्याला लावली. मॅडमनी गुंडाळून भिंतीला उभा केलेला लाल गालिचा बघितला. त्यावर चिखलाचा खूर उमटलाता. त्येंनी ओठ दाबून धरलं.

तात्या हसलं न्हाईत. त्येंनी सरळ माझ्या डोळ्यात बघून इचारलं, "आन् शत्रू आला म्हंजे? किल्ल्याबिगर ही माणसं काय करणार?"

ह्येचा मी इचार केला न्हवता. माझं कान तापलं. हितं अडकलो असतो तर आधीचं सगळं बोलणं वाया, नुसती बडबड झाली असती. मी खाली बघितलं. काकूच्या गवळणी एकमेकींच्या तोंडाला तोंड लावून उभ्या हुत्या, सगळ्यास्नी सगळ्यांचं ठावं असल्यासारख्या.

"येऊ दे की," मी म्हणलं. "आत शिराय वाट तर मिळाली पायजे. बाजारातनं घोडा जात न्हाय, म्हंजे त्यो खाली उतरणार. उतरला की काकू इचारणार, कुठलं पावणं? मामा कुठला तुमचा? त्येनं मामाचं गाव सांगितलं की त्यो कुणाचा तरी लागतच असणार. मग च्या. मग जेवूनच जावा आता. दिस मावळायच्या आत सगळं सैन्य पंगतीला बसलेलं असंल, आन् सेनापती आमटी वाढत."

तात्यांचा हुंकार आला, मग खांदं हलायला लागलं, मग काठी हलाय लागली. मॅडमनी तोंडावर हात धरला. दारात जमलेली सगळी गल्ली हसत हुती, विश्वजित धरून.

हसून झाल्यावर तात्या म्हणले, नियम त्यो नियम. किल्ला न्हाय त्येला नंबर न्हाय. माझ्या डोक्यात पुन्यांदा जाळ झाला. म्हणणार हुतो काय तरी, तोंड उघडलंबी हुतं. पर तात्यांनी काठी सम्मेदच्या हातात दिली आन् गुडघ्याला हात लावत, हळूहळू, खाली बसले.

"माझं एक घर घाल की हितं," म्हणले. "त्या तिसऱ्या तळ्याच्या काठाला. मासं धरीन म्हणतो."

मी माझ्या हातानं तात्यांचं घर घातलं. म्होरं अंगण ठेवलं, जोर काढाय. मग मॅडम म्हणाल्या, मला बाजारापासून लांब नको. मग दारातली सगळीच आत आली. ज्येला त्येला मळीत जागा पायजे. कुणाला नदीकाठ, कुणाला बसस्टँडजवळ, कुणाला सासूपासनं लांब. अंगण पुरलं न्हाय. मुलूख दारातनं भायेर पडला आन् रस्त्याच्या कडंनं सरकाय लागला. विश्वजितनं रिंगरोड मोडून दुसरा काढला, मग त्योबी मोडला. नंबर पलीकडच्या गल्लीला गेला. त्यांचं पोरगं ढाल काखेत मारून आमच्याकडंच आलं, घर घालायला. मी म्हणलं लाइनीत उभार.

तेवढ्यात तानाबाई काकूची आन् तिच्या शेजारणीची जुंपली. काकूचं म्हणणं, हिच्या गवळणीचं सांडपाणी माझ्या दारात येतंय. शेजारीण म्हणती, तुझंच दार फुडं आलंय. दोघी माझ्याकडं बघाय लागल्या. मी मधी बसलो, बोटानं दोघींच्या मधनं एक बोळ काढला आन् भांडण मिटवलं. मागं वळून बघतो तर त्या बोळातबी कुणी तरी चूल मांडलीती.